होमरूल शिकवताना जॉन रेडमंड यांना वगळू नका : मराठीत इतिहास लिहिणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींस खुले पत्र

स. न. वि. वि.

एप्रिल १९१६ च्या अखेरच्या आठवड्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने बेळगाव येथे होमरूल लीग स्थापन झाली. जोसेफ बॅप्टिस्टा तिचे अध्यक्ष आणि न. चिं. केळकर तिचे चिटणीस झाले. त्याच आठवड्यात, २४ एप्रिल रोजी, डब्लिनमध्ये पॅट्रिक पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्य टपाल कचेरीचा ताबा घेऊन आयरिश प्रजासत्ताकाची घोषणा केली आणि २९ तारखेला त्यांना शरण यावे लागले. या दोन घटना शेजारीशेजारी मांडल्या की डब्लिनचे बंड आणि बेळगावची लीग एकाच प्रेरणेतून निघाली, असा समज वाचणाऱ्याच्या मनात आपोआप तयार होतो, आणि आपल्या लेखांतून वा व्याख्यानांतून तो सहसा कोणी दुरुस्त करत नाही. वस्तुतः बेळगावच्या लीगने ज्या चळवळीचे नाव घेतले, तिचे नेते त्या आठवड्यात टपाल कचेरीत नव्हते. ते लंडनला हाउस ऑफ कॉमन्समध्ये होते आणि २७ एप्रिलला त्यांनी त्या बंडाचा तीव्र शब्दांत धिक्कार केला. त्यांचे नाव जॉन रेडमंड, साम्राज्यात राहूनच आयर्लंडला स्वराज्य मागणाऱ्या आयरिश संसदीय पक्षाचे प्रमुख. त्यांच्याविषयी आपण जवळजवळ काहीच सांगत नाही, ही माझी तक्रार आहे. आणि ते सांगितल्यावाचून टिळकांची १९१४ ते १९१८ ही वर्षेही नीट उलगडत नाहीत, हे माझे म्हणणे आहे.

मंडालेहून जून १९१४ मध्ये सुटून आल्यानंतर दोनच महिन्यांत महायुद्ध सुरू झाले, तेव्हा टिळकांनी ‘मराठा’ पत्रातून आपली भूमिका जाहीर केली. आयरिश होमरूलवाले आयर्लंडात जे करत आले आहेत तेच आम्ही हिंदुस्थानात करत आहोत, आम्हाला राज्यकारभाराच्या पद्धतीत सुधारणा हवी आहे, सरकार उलथून टाकायचे नाही, असा त्या निवेदनाचा आशय होता. सरकारचा संशय दूर करण्यासाठी घेतलेला पवित्रा, एवढाच अर्थ त्याचा पुष्कळदा लावला जातो. पवित्रा असेलही, परंतु दाखला देण्यासाठी टिळकांनी जे नाव निवडले त्याला त्या क्षणी काय वजन होते, हे पाहिले पाहिजे. आयर्लंडच्या स्वराज्याचे विधेयक मे १९१४ मध्ये कॉमन्सने तिसऱ्यांदा मंजूर केले होते आणि राजाची संमती तेवढी बाकी होती. म्हणजे टिळक एका हरलेल्या, अर्जविनंत्या करणाऱ्या पक्षाकडे बोट दाखवत नव्हते. साम्राज्याच्या संसदेलाच वाकवून स्वराज्याचा कायदा पदरात पाडून घेऊ पाहणाऱ्या पक्षाकडे दाखवत होते.

रेडमंड यांना आपल्याकडे ‘आयर्लंडचे मवाळ’ म्हणून एका वाक्यात निकालात काढण्याची पद्धत आहे. जहाल आणि मवाळ ही आपली विभागणी त्यांना लावून पाहिली की ती लगेच फाटते. त्यांचा जन्म १८५६ चा, वेक्सफर्ड परगण्यातील एका जुन्या कॅथलिक जमीनदार घराण्यातला. वडील होमरूलवादी खासदार होते. जेझुइटांच्या क्लॉन्गोज वुड शाळेत आणि पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते शिकले, पण पदवी न घेताच बाहेर पडले आणि कॉमन्समध्ये कारकुनी करू लागले. १८८१ च्या आरंभी न्यू रॉस येथून ते बिनविरोध निवडून आले. सभागृहात आसन घेणे, पहिले भाषण करणे आणि इतर आयरिश सभासदांबरोबर निलंबित होऊन बळाने बाहेर काढले जाणे, हे सारे त्यांच्या बाबतीत एकाच संध्याकाळी घडले. १८८३ मध्ये ते धाकटे बंधू विली यांच्यासह ऑस्ट्रेलियात गेले आणि पक्षासाठी सुमारे १५,००० पौंड जमवून आले. त्याच दौऱ्यात त्यांचा विवाहही झाला. १८८८ मध्ये कुळांच्या लढ्यातील एका भाषणाबद्दल त्यांनी पाच आठवडे तुरुंगवास भोगला. मवाळपणाची ही लक्षणे नव्हेत.

डिसेंबर १८९० मध्ये पक्षाचे नेते पार्नेल यांच्या एका विवाहित स्त्रीशी असलेल्या संबंधांवरून पक्ष फुटला, तेव्हा रेडमंड अल्पसंख्य गटाबरोबर, म्हणजे पार्नेल यांच्याबरोबर राहिले. पार्नेल यांना दूर करा, ही इंग्लंडच्या उदारमतवादी पक्षाच्या ग्लॅडस्टन यांची अपेक्षा मान्य केली तर तेच आपल्या पक्षाचे धनी होतील, असे रेडमंड यांनी बैठकीत म्हणताच पार्नेलविरोधी गटाचे टिम हीली यांनी ‘आणि पक्षाची धनीण कोण होणार?’ असा टोला मारला, हा प्रसंग आयरिश राजकारणात आजही सांगितला जातो. हीलींचा विनोद लोकांच्या लक्षात राहिला. रेडमंड यांचा मुद्दा मात्र पुढची तीस वर्षे आयरिश पक्षाला छळत राहिला, कारण इंग्लंडमधील कोणत्या तरी पक्षावर विसंबल्यावाचून संसदेत कायदा होत नव्हता आणि विसंबले की तो पक्ष धनी होऊन बसत होता. पार्नेल ऑक्टोबर १८९१ मध्ये वारले. डिसेंबरात वॉटरफर्ड शहराच्या पोटनिवडणुकीत रेडमंड यांनी मायकेल डेव्हिट यांच्यासारख्या लोकप्रिय भूमिनेत्याला हरवले आणि ती जागा मरेपर्यंत सोडली नाही. त्यानंतरची नऊ वर्षे मूठभर खासदारांचे नेतृत्व करण्यात गेली. १९०० मध्ये दोन्ही गट एकत्र आले आणि अल्पसंख्य गटाचे असूनही अध्यक्षपद रेडमंड यांना मिळाले. ही तडजोड त्यांच्या पुढच्या साऱ्या वागण्यामागे आहे. पार्नेल हुकूम सोडत. रेडमंड यांना पक्षातील जॉन डिलन, जो डेव्हलिन आणि टी. पी. ओ’कॉनर यांची मने वळवल्याशिवाय पाऊल टाकता येत नसे.

याच कालखंडात हिंदुस्थानशी आलेल्या एका प्रत्यक्ष संबंधाची नोंद येथेच करून ठेवतो. काँग्रेसच्या १८९४ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष आल्फ्रेड वेब हे आयरिश राष्ट्रवादी खासदार होते, आणि तेही वॉटरफर्ड परगण्याच्या पश्चिम भागाचे प्रतिनिधी. मात्र ते रेडमंड यांच्या विरोधी गटातले होते. आयरिश पक्ष म्हणजे एकमुखी संघटना नव्हे, हे समजून घ्यायला एवढे उदाहरण पुरे आहे.

रेडमंड यांची खरी कर्तबगारी १९१० ते १९१४ या काळातली आहे, आणि शिकवण्यासारखा भागही हाच आहे. आयर्लंडच्या स्वराज्याचे पहिले विधेयक १८८६ मध्ये कॉमन्समध्येच पडले. दुसरे १८९३ मध्ये तेथे मंजूर झाले, पण हाउस ऑफ लॉर्ड्सने ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले. लॉर्ड्सचा नकाराधिकार शाबूत असेपर्यंत तिसरे विधेयक आणून उपयोग नाही, हे उघड होते. १९०९ मध्ये लॉर्ड्सने उदारमतवादी सरकारचा अर्थसंकल्पच फेटाळला आणि जानेवारी १९१० च्या निवडणुकीत दोन्ही मोठे पक्ष जवळजवळ बरोबरीत आले, तेव्हा रेडमंड यांच्या सत्तरेक खासदारांच्या हाती सरकारचे आयुष्य आले. नकाराधिकार काढणार नसाल तर अर्थसंकल्पाला मते नाहीत, ही त्यांची अट होती. अमेरिकेतील आयरिशांकडून त्यांना पैसा मिळत असल्याने विरोधक त्यांना ‘डॉलरचा हुकूमशहा’ म्हणून हिणवू लागले. डिसेंबरच्या दुसऱ्या निवडणुकीनेही चित्र बदलले नाही आणि १९११ च्या संसद कायद्याने लॉर्ड्सचा नकार केवळ विलंबापुरता उरला : लागोपाठ तीन अधिवेशनांत कॉमन्सने मंजूर केलेले विधेयक लॉर्ड्सच्या संमतीवाचून कायदा होऊ शकेल, असे ठरले. ब्रिटनच्या राज्यघटनेत एवढा मोठा बदल घडवण्यात एका वसाहतवजा देशाच्या प्रतिनिधींचा हात होता, ही गोष्ट आमच्या अभ्यासात का येऊ नये?

पंतप्रधान अॅस्क्विथ यांनी ११ एप्रिल १९१२ रोजी तिसरे विधेयक मांडले. ते फार उदार होते, असे कोणी समजू नये. डब्लिनला दोन सभागृहांची संसद मिळणार होती. परंतु युद्ध, परराष्ट्र व्यवहार आणि जकातीचा मोठा भाग लंडनकडे राहणार होता आणि वेस्टमिन्स्टरमध्ये आयर्लंडचे ४२ सभासद बसणार होते. तरीही ते मांडले जाण्यापूर्वी ३१ मार्चला डब्लिनमध्ये जी प्रचंड सभा झाली, तिच्या एका व्यासपीठावरून स्वतः पिअर्स या विधेयकाच्या बाजूने बोलले होते. या वेळी फसवणूक झाली तर आयर्लंडात युद्ध होईल, असा इशाराही त्यांनी त्याच भाषणात दिला होता. चार वर्षांनी टपाल कचेरीत उभा राहणारा माणूस १९१२ मध्ये रेडमंड यांच्या मार्गाला एक संधी द्यायला तयार होता. आपल्या ओळीदोनओळींच्या आयर्लंडात ही गोष्ट बसतच नाही.

विधेयक अडले ते उत्तरेकडील अल्स्टर प्रांतावर, आणि रेडमंड यांच्या मोठ्या चुकांपैकी पहिली येथेच झाली. ईशान्येकडील प्रॉटेस्टंट युनियनवाद्यांचा, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलेच राहू इच्छिणाऱ्यांचा, विरोध म्हणजे पोकळ धमकी आहे, असे ते दीर्घकाळ मानत राहिले. २८ सप्टेंबर १९१२ रोजी सुमारे २,३७,००० पुरुषांनी होमरूलविरोधी अशा अल्स्टरच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या आणि जवळपास तितक्याच स्त्रियांनी वेगळ्या घोषणापत्रावर. जानेवारी १९१३ मध्ये अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स ही त्यांची स्वयंसेवक फौज उभी राहिली. एप्रिल १९१४ मध्ये लार्न बंदरात सुमारे २५,००० बंदुका उतरवल्या गेल्या. त्याआधी मार्चमध्ये आयर्लंडातील ‘करा’ (Curragh) या छावणीतील लष्करी अधिकाऱ्यांनी अल्स्टरवर चालून जाण्यापेक्षा राजीनामे देऊ, असे सांगितल्यावर सरकारचा धाक संपल्यातच जमा होता. रेडमंड यांनी नाइलाजाने अल्स्टरमधील परगण्यांना सहा वर्षे बाहेर राहण्याची मुभा मान्य केली, तर युनियनवाद्यांचे नेते एडवर्ड कार्सन यांनी तिला सहा वर्षांची तहकुबी जोडलेली फाशीची शिक्षा म्हटले. जुलै १९१४ मध्ये राजवाड्यात भरलेली परिषद चार दिवसांत मोडली. मला विचाराल तर रेडमंड यांचा दोष फाळणीला मान्यता देण्यात नव्हता. आपल्याच बेटावरचे लाखो लोक हे स्वराज्य मनापासून नाकारत आहेत, हे त्यांनी फार उशिरा गंभीरपणे घेतले, हा होता.

४ ऑगस्टला युद्ध पुकारले गेले. आदल्या दिवशी कॉमन्समध्ये रेडमंड यांनी जाहीर केले की, सरकारने आयर्लंडातील फौज खुशाल काढून घ्यावी. दक्षिणेचे कॅथलिक आणि उत्तरेचे प्रॉटेस्टंट स्वयंसेवक मिळून किनाऱ्याचे रक्षण करतील. सभागृहाने जयघोष केला. १८ सप्टेंबर १९१४ रोजी होमरूलच्या कायद्याला राजाची संमती मिळाली आणि त्याच दिवशी दुसऱ्या एका कायद्याने त्याची अंमलबजावणी लांबणीवर टाकली : किमान एक वर्ष, आणि युद्ध त्याहून लांबले तर ते संपेपर्यंत. त्या वेळी युद्ध लवकर संपेल, असे बहुतेकांना वाटत होते. दोनच दिवसांनी, २० सप्टेंबरला, लंडनहून विकलो डोंगरातील आपल्या ऑघव्हाना येथील घराकडे जाताना वुडनब्रिज गावी कवायत करणाऱ्या स्वयंसेवकांपुढे ते थांबले आणि केवळ आयर्लंडातच नव्हे, तर जेथे जेथे लढाईची आघाडी असेल तेथे जाऊन लढा, असे त्यांनी सांगितले.

या छोट्या भाषणाने आयरिश व्हॉलंटियर्स ही होमरूलच्या बाजूच्या स्वयंसेवकांची संघटना दुभंगली. सुमारे पावणेदोन लाखांपैकी बहुतेक रेडमंड यांच्याबरोबर गेले. विरोधात गेलेल्या ओइन मॅकनील यांच्यामागे दहा-बारा हजारच उरले, पण १९१६ च्या बंडाचे मनुष्यबळ मुख्यतः या उरलेल्यांतून आले. रेडमंड असे का बोलले, याचे उत्तर नुसत्या राजनिष्ठेत शोधू नये. कायदा मिळाला आहे तर शब्द पाळला पाहिजे, अशी त्यांची भावना होती. शिवाय एकाच खंदकात लढलेले अल्स्टरचे आणि दक्षिणेचे तरुण परत आल्यावर एकमेकांवर बंदुका रोखणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. तो वेडगळ नव्हता. पण त्यांनी देऊ केलेल्या मदतीला ठोस अट जोडलेली नव्हती, आणि ब्रिटिश युद्ध खात्याने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. अल्स्टरच्या स्वयंसेवकांना स्वतःचे अधिकारी, स्वतःची ओळख असलेले वेगळे डिव्हिजन मिळाले. रेडमंड यांच्या माणसांना युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांनी तशी वागणूक दिली नाही. मे १९१५ मध्ये संयुक्त मंत्रिमंडळ झाले तेव्हा कार्सन त्यात अॅटर्नी जनरल होऊन बसले. रेडमंड यांनाही जागा देऊ केली होती. पक्षाच्या जुन्या धोरणाला धरून त्यांनी ती नाकारली. कायद्याला हत्यारानिशी विरोध करणारा मंत्री झाला आणि कायद्याच्या मार्गाने जाणारा बाहेर राहिला, हे साध्या आयरिश मतदाराला दिसत होते.

ईस्टरच्या बंडाने त्यांना गाठले ते अशा अवस्थेत. बंडाचा धिक्कार केल्यावर त्यांनी अॅस्क्विथ यांना देहान्ताच्या शिक्षा थांबवण्याची विनवणी केली, परंतु ३ ते १२ मे या दहा दिवसांत पंधरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. उन्हाळ्यात ब्रिटिश मंत्री लॉईड जॉर्ज यांनी वाटाघाटी केल्या आणि अल्स्टरचे सहा परगणे वगळणे तात्पुरते आहे, अशी रेडमंड यांची समजूत करून देत असतानाच कार्सन यांना ते कायमचे असल्याचे लेखी दिले. ही दुटप्पी गोष्ट उघड झाली तेव्हा आयर्लंडात रेडमंड यांची पत जवळजवळ संपली. १९१७ हे वर्ष एकामागून एक पराभवांचे होते. मे महिन्यात साउथ लाँगफर्डची पोटनिवडणूक पूर्ण स्वातंत्र्यवादी सिन फेन पक्षाच्या तुरुंगात असलेल्या उमेदवाराने ३७ मतांनी जिंकली. ७ जूनला पन्नाशी उलटल्यावर स्वेच्छेने सैन्यात गेलेले त्यांचे बंधू विली मेसिनच्या लढाईत पडले. जखमी विली यांना रणांगणावरून उचलून आणणारे सैनिक अल्स्टर डिव्हिजनचे होते. त्यांच्या रिकाम्या झालेल्या पूर्व क्लेअरच्या जागेवर जुलैमध्ये सिन फेनचे इमन डी व्हॅलेरा २,०३५ विरुद्ध ५,०१० मतांनी निवडून आले. अखेरचा प्रयत्न म्हणून रेडमंड ट्रिनिटी कॉलेजात भरलेल्या आयरिश परिषदेत बसले, जानेवारी १९१८ मध्ये जकातीच्या प्रश्नावर दक्षिणेतील युनियनवाद्यांशी त्यांनी समझोता जुळवत आणला, आणि ऐन वेळी डेव्हलिन व कॅथलिक बिशप यांनी साथ सोडल्यावर तो मागे घेतला. ६ मार्च १९१८ रोजी शस्त्रक्रियेनंतर ते लंडनमध्ये वारले. डिसेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत सिन फेनला ७३ जागा मिळाल्या आणि त्यांच्या पक्षाला आयर्लंडात अवघ्या सहा. त्या सहांपैकी एक वॉटरफर्ड शहराची होती, आणि ती त्यांच्या मुलाने राखली.

आता पुन्हा टिळकांकडे येतो. जून १९१८ मध्ये मुंबईत भरलेल्या युद्ध परिषदेत टिळकांनी युद्धातील सहकार्य आणि स्वराज्य यांची सांगड घालायला सुरुवात करताच गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी त्यांना अडवले आणि टिळक व केळकर सभेतून उठून गेले. हा प्रसंग आपण टिळकांच्या बाणेदारपणाचा नमुना म्हणून सांगतो. तो तसा आहेच; पण विनाअट मदत देऊन बसलेल्या होमरूलच्या नेत्याचे काय झाले, हे तोपर्यंत सगळ्या साम्राज्याने पाहिले होते, ही बाजूही त्याला आहे. टिळकांनी हा धडा रेडमंड यांच्याकडूनच घेतला, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र १९१४ मध्ये आयरिश होमरूलवाल्यांचे उदाहरण देणारे टिळक १९१८ मध्ये अटीची भाषा का बोलत होते, हा प्रश्न वर्गात विचारायचा असेल, तर मधल्या चार वर्षांत आयर्लंडात काय घडले हे विद्यार्थ्याला माहीत असायला हवे.

रेडमंड यांना नायक करा, असे मी म्हणत नाही. त्यांच्या हाकेने युद्धावर गेलेल्यांपैकी हजारो परतले नाहीत आणि त्या हिशेबातून त्यांची सुटका नाही. त्यांचा १९१४ चा कायदा एक दिवसही अमलात आला नाही. १९२० च्या कायद्याने तो रद्द करून दोन संसदा ठरवल्या, आणि होमरूलला प्राणपणाने विरोध करणाऱ्या बेलफास्टमध्येच होमरूलची संसद प्रत्यक्षात अर्धे शतक चालली. सनदशीर मार्ग व्यर्थ होता, एवढाच निष्कर्ष यातून काढणे सोपे आहे, पण तो पुरा पडत नाही. लॉर्ड्सचा नकाराधिकार सनदशीर मार्गानेच मोडला गेला. कायदा सनदशीर मार्गानेच मिळाला. तो बुडाला अल्स्टरच्या बंदुका, लष्करी अधिकाऱ्यांची अवज्ञा, महायुद्ध आणि लंडनचा दुटप्पीपणा या सगळ्यांखाली. यांतल्या कोणत्या कारणाला किती वजन द्यायचे, यावर आयरिश इतिहासकार आजही भांडतात. आपल्या विद्यार्थ्यांनीही भांडावे.

म्हणून विनंती एवढीच की, होमरूलवर पाठ, लेख, व्याख्यान अथवा टिळकचरित्रातील प्रकरण तयार करताना पार्नेल यांच्यावरून थेट १९१६ च्या बंडावर उडी घेऊ नये. १९११ चा संसद कायदा, १८ सप्टेंबर १९१४ ची राजसंमती आणि २० सप्टेंबरचे वुडनब्रिज येथील भाषण या तीन गोष्टींना मधे जागा द्यावी, आणि टिळकांचे ‘मराठा’तील निवेदन त्या तिघांच्या शेजारी ठेवून वाचावे. बॅप्टिस्टा आणि केळकर यांनी लीगसाठी लिहिलेल्या मजकुरातील आयर्लंडचे उल्लेख वेचून, त्यांत पिअर्स किती आणि रेडमंड किती, हे एखाद्या अभ्यासकाने तपासले तर त्याचे काम वाचायला मी उत्सुक आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक इतिहासप्रेमी वाचक